रद्दीतून आपली वही

(धाड, जि. बुलढाणा येथे बचत गटांतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



येताना घरातली रद्दी घेऊन या, असा निरोप गेला तेव्हा तुमच्यातल्या काहीजणींना हसू आलं म्हणे. भाषणाला बोलावतात आणि रद्दी आणायला सांगतात! पण आणलीत, हे बरं झालं. मी इथून बघते आहे: लग्नपत्रिका आहेत, पोराच्या वहीची उरलेली कोरी पानं आहेत, जुनं कॅलेंडर आहे, साडीचा खोका आहे, बियाण्याची पिशवी आहे. एवढ्यात आपली वही होते. बाजारातून काही आणायचं नाही.

परदेशात आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही अशा वहीचा छंद आहे. तिला ‘जंक जर्नल’ म्हणतात. म्हणजे रद्दीची रोजनिशी. त्यासाठी दुकानात सामानाचे संच मिळतात. कागद जुना दिसावा म्हणून कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. आपल्याकडे चहाचे डाग फुकट पडलेले असतात, तेव्हा तेवढी एक पायरी आपली वाचली. छंदाला माझी ना नाही. बाईला छंद असावा, आणि तो कुणाच्या उपयोगाचा नसला तरी असावा. पण मी आज हा विषय घेतला तो दुसऱ्या कारणाने.

आपल्या घरात कागद कुणाच्या ताब्यात असतात? सातबारा, आठ-अ, बँकेचं पुस्तक, पोरांचे दाखले, आजारपणाचे कागद. एक पत्र्याची पेटी असते आणि तिची किल्ली बहुधा आपल्याकडे नसते. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे होते तेव्हा गावोगाव बायका कागदांमागे धावल्या. कुणाच्या आधारावर माहेरचं नाव, कुणाच्या पासबुकावर सासरचं. बाईचा स्वतःचा असा एकही कागद धड नाही, हे तेव्हा चव्हाट्यावर आलं. म्हणून म्हणते, निदान एक वही आपली असू द्या. आपल्या हाताने शिवलेली.

आता तुम्ही म्हणाल, लिहिणं हे आपलं काम नव्हे. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर आज ऐका. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते, सत्यशोधक समाजाचे होते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी सगळ्याच बायांना नावं ठेवायला सुरुवात केली. ताराबाईंनी ते वाचलं आणि ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्यात पाचशे प्रती छापल्या गेल्या. लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. आणि मग ते पुस्तक दिसेनासंच झालं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षं गेली होती. ताराबाईंचं दुसरं पुस्तक हाती आलेलं नाही. असं लिहिणारी बाई एकाच पुस्तकावर थांबली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या घरातले कागद कुठे गेले असतील? बाईच्या कागदांचं जे होतं तेच झालं असणार. चुलीला लागले, नाहीतर वाळवीला.

दुसरी गोष्ट फलटणच्या बेबीताई कांबळे यांची. घरी लहानसं दुकान. माल बांधायला रद्दी यायची आणि पुड्या बांधता बांधता त्या ती वाचायच्या. मग दुकानात बसल्या बसल्याच लिहू लागल्या, नवऱ्याला आणि घरच्यांना कळू न देता. लिहिलेलं लपवून ठेवायच्या. अशी जवळजवळ वीस वर्षं गेली. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला, त्यांनी आग्रह धरला, आणि १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं. १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. महार समाजातल्या बायांचं जगणं एका बाईने आतून सांगितलेलं हे पुस्तक आज देशाबाहेर वाचलं जातं. ते रद्दीच्या ढिगाऱ्यात बसून लिहिलेलं आहे, हे आजच्या कामाच्या आधी लक्षात ठेवा.

आणि शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई? त्यांना तर लिहिताच येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचायच्या आणि सोपानदेव व त्यांचा मावसभाऊ ती उतरवून घ्यायचे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरात कुणी लिहून घेणारं नसतं तर? आपल्या आज्या-पणज्यांच्या किती ओव्या अशा गेल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

बाड हा शब्द मुद्दाम वापरला. कीर्तनकारांकडे, वारकऱ्यांकडे हाताने शिवलेलं बाड असायचं. व्यापाऱ्याकडे लाल कापडाची चोपडी. कुणी पान कुठलं जोडलं, कुणी कुठलं. म्हणजे ही वही काही परक्या देशातून आलेली नाही. आपण ती विसरलो होतो आणि तीही पुरुषांची होती, एवढंच.

तर आता कामाला लागू.

पहिलं कागदाचं. सगळी रद्दी सारखी नसते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उन्हाने आणि हवेने पिवळा पडतो, तुकडे होतात. त्यावर लिहू नका. कात्रण चिकटवायचं असेल तर ते चांगल्या कागदावर चिकटवा. कॅलेंडरची पाठकोरी बाजू चांगली, पण गुळगुळीत असेल तर शाई पसरते, तिथे बॉलपेन किंवा शिसपेन्सिल वापरा. पत्रिकेचा जाड कागद पाकीट करायला उत्तम. किराण्याचा, तेलाचा डाग पडलेला कागद बाजूला टाका, त्याला झुरळं आणि कसर लागते. जुन्या सुती चिंध्यांचा कागद मात्र शेकडो वर्षं टिकतो. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनत आला, तो इथून फार लांब नाही. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. जुनी दप्तरं आज वाचता येतात ती अशाच कागदामुळे. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही, पण कधी हाताशी आला तर तो कागद महत्त्वाच्या नोंदीसाठी ठेवा.

आणखी एक. एटीएमची चिठ्ठी, काही दुकानांची बिलं ही गुळगुळीत कागदावर शाईशिवाय, उष्णतेने छापलेली असतात. ती काही महिन्यांत कोरी होतात. खिशात जपून ठेवलेला पुरावा काढायला जावं आणि हातात कोरा कागद यावा, असं होतं. ती आली की त्याच दिवशी तारीख आणि रक्कम वहीत उतरवून काढा, जमल्यास झेरॉक्स करा.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणून ही गोष्ट तुम्हाला चटकन कळेल. कापडासारखा कागदालाही उभा-आडवा असतो. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. एका बाजूने सहज वाकेल, दुसऱ्या बाजूने अडेल. सहज वाकतो तिथे घडी घाला. उलटी घातली तर वही फुगते, मिटत नाही.

पाच-सहा कागद एकात एक घालून मधोमध घडी करा आणि चमच्याच्या पाठीने घडी दाबा. बांधणी करणारे या गठ्ठ्याला जुज म्हणतात. सहापेक्षा जास्त घालू नका, आतली पानं बाहेर डोकावतात. लहान-मोठी पानं चालतात. एखादं पान आखूड, एखादं रंगीत, एखादा सबंध लिफाफाच मधे घातला, तरी चालेल. सगळ्यांची घडी एका रेषेत आली म्हणजे झालं. आपल्याला शाळेची वही करायची नाही.

आता घडीवर तीन भोकं. एक बरोबर मध्यावर, एक वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, एक खालच्या कडेपासून दोन बोटं वर. खाली जुनी गोधडी घडी करून ठेवा आणि दाभणाने टोचा. दाभण हातात असताना लेकरं जवळ नकोत. दोरा गोधडीचा चालतो. वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे गुंतत नाही, कुजत नाही.

सुई आतून, मधल्या भोकातून बाहेर काढा. आत वीतभर दोरा सोडा. बाहेरून वरच्या भोकात घाला, आत या. आता मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडा. बाहेरून परत मधल्या भोकात आत या. दोन्ही टोकं आता आत, मध्यावर आली. आतला जो लांब टाका आहे त्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, असं बघून त्या टाक्यावर गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेने ओढायचा, पानाच्या दिशेने ओढलात तर भोक फाटतं. झाली एक जुज.

एका जुजेची वही आज घरी न्यायची. तिला कव्हर म्हणून बियाण्याची पिशवी किंवा जाड पत्रिका जुजेबरोबरच शिवून टाका. पुढच्या खेपेला तीन जुजांची करू. तिचे पुठ्ठे साडीच्या खोक्याचे. दोन पुठ्ठ्यांच्या मधे जुन्या सुती लुगड्याचा किंवा मांजरपाटाचा पट्टा खळीने चिकटवायचा आणि त्या पट्ट्यावर एकेक जुज शेजारी शेजारी शिवायची. दोन पुठ्ठ्यांत अंतर जरा जास्त ठेवा. या वहीत आपण पाकिटं घालणार, चिठ्ठ्या चिकटवणार, ती पोटाने वाढत जाणार आहे. आधीच घट्ट शिवली तर तिचं तोंड मिटणार नाही.

खळ मैद्याची. मैदा आधी गार पाण्यात गाठी न ठेवता कालवा, मग मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. घरात, चुलीजवळ, लेकरांत ते नको. आपण खळ पातळ लावू आणि वही नीट वाळवू. वजनाखाली एक रात्र ठेवा. पाटा आहेच.

आता पाकिटं. या वहीचा जीव पाकिटांत आहे. पानाचा खालचा अर्धा भाग वर दुमडा, दोन्ही कडा चिकटवा, झाला खिसा. जुन्या पोलक्याचं बटण लावून दोऱ्याने गुंडाळता येतं. आणि ध्यानात ठेवा, मूळ कागद कधी खळीने चिकटवायचा नाही. तो खिशात. मूळ कागद फार मोलाचा असेल तर वहीत फक्त झेरॉक्स, आणि मूळ कुठे ठेवला याची नोंद.

वही झाली. तिच्यात काय?

जे वाटेल ते. ओव्या लिहा, लोणच्याचं माप लिहा, लेकीने दिलेलं पान चिकटवा, शेतातलं झेंडूचं फूल दाबून ठेवा. त्यासाठी कुणाची परवानगी नको. पण चार गोष्टी मी आग्रहाने सांगणार.

एक, कॅलेंडरची पानं. आपण तारीख कशी सांगतो? ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘कपाशीची दुसरी वेचणी चालली होती तेव्हा’. आपल्याला ते अगदी पक्कं आठवतं. पण कचेरीत, कोर्टात विचारतात, तारीख सांगा. मग बाई गडबडते, आणि गडबडली की खोटी ठरते. कॅलेंडरचं प्रत्येक महिन्याचं पान दुमडून वहीत घाला. त्यावर सण आहे, तिथी आहे, तारीख आहे. पोळा कुठल्या तारखेला होता ते कुणाला विचारायला नको. मारहाण झाली, घराबाहेर काढलं, दवाखान्यात गेलो, पैसे दिले, त्या चौकटीत खूण करा आणि बाजूला दोन ओळी लिहा. घटना घडली त्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी लिहा. साक्ष देताना अशा ताज्या नोंदीकडे पाहून आठवण ताजी करून घेण्याची मुभा कायद्यात आहे. नुसत्या वहीवर खटला जिंकत नाही, हेही सांगते. दवाखान्याचा कागद हवा, साक्षीदार हवा. पण कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा वापरायला गेलात तर संरक्षण अधिकारी तुमच्याकडून घटना एकामागे एक विचारून घेतात, तिथे ही वही तुमच्या जिभेला बळ देते.

दोन, लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी. ही यादी ठेवावी असा १९८५ चा नियमच आहे, हुंडाबंदी कायद्याखालचा. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची. वस्तू, अंदाजे किंमत, कुणी दिली, नातं काय, आणि खाली नवरानवरीच्या सह्या. किती घरांत अशी यादी आहे? हात वर करा म्हटलं तर मलाच लाज वाटेल, म्हणून म्हणत नाही. आपलं होऊन गेलं असेल तर लेकीच्या लग्नात तरी करा. आपलीही आठवून लिहून ठेवा: किती तोळे, कुठे गेले, कुणी मोडले, कशासाठी.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण ज्या ज्या कागदावर सही केली किंवा अंगठा दिला, त्याची नोंद. कर्जाचा फॉर्म, जामीन, ग्रामसभेचा ठराव, भावाने पुढे केलेलं हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ साली लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, २००५ मध्ये तो सबंध देशात आला. हक्क कायद्यात आहे आणि सुटतो तो एका सहीने, राखीपौर्णिमेचं जेवण झाल्यावर. भावाला देऊ नका असं मी म्हणत नाही, तुमचं तुम्ही बघा. पण कागद वाचून घ्या, वाचून दाखवायला सांगा, आणि वहीत लिहा: कुठल्या दिवशी, कशावर, कुणी सही मागितली, बदल्यात काय कबूल केलं. नुसतं ‘थांब, वहीत लिहून घेते’ म्हटलं तरी समोरचा माणूस जरा सावध होतो. गटाच्या आणि कंपन्यांच्या कर्जाच्या हप्त्यांचंही तसंच. हप्ता दिला की आधी पावती, मग खिसा.

चार, फोन नंबर. मोबाइलमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. भांडणात पहिला हिसकावतात तो मोबाइलच. १८१ बायकांची मदतवाहिनी, ११२ पोलीस, १५१०० मोफत कायदे मदत. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. माहेरचा, मैत्रिणीचा, आशाताईचा नंबर कव्हरच्या आतल्या बाजूला लिहा.

लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मघाशी एका काकूंनी विचारला. खुणा करा. पैसे दिले तर गोल, आजारी पडले तर उभी रेघ, मारलं तर फुली. खुणेचा अर्थ तुम्हाला कळला म्हणजे पुरे. नाहीतर लेकीला सांगा, ती लिहील. पण सगळंच लेकीच्या हातून लिहवून घ्यावं असं नसतं, काही गोष्टी लेकराच्या डोक्यावर ठेवू नयेत. तिथे गटातल्या मैत्रिणीने लिहावं आणि आपलं तोंड बंद ठेवावं.

आता अवघड गोष्ट. ही वही घरात सापडली तर? बेबीताईंनी वीस वर्षं लपवलं ते हौसेने नाही. ज्या घरात धोका आहे त्या बाईने मारहाणीच्या नोंदी घरातल्या वहीत ठेवू नयेत. दोन वह्या करा. एकीत ओव्या, लोणचं, हिशेब. ती उघड्यावर असू दे. दुसरी लहान, एकाच जुजेची, ती मैत्रिणीकडे किंवा गटाच्या पेटीत. गटाच्या पेटीला आपण नाहीतरी दोन किल्ल्या ठेवतोच. कुणाचीही वही कुणी उघडायची नाही, हा ठराव आजच्या बैठकीत लिहून घ्या, सह्यांनिशी.

अमेरिकेत मताच्या हक्कासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांनी चळवळीची कात्रणं वह्यांत चिकटवत नेली. अशा तेहेतीस वह्या त्यांच्या देशाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं काम शोधायला मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार निघाल्या तेव्हा त्यांना दारोदार जाऊन म्हाताऱ्या बायांना विचारावं लागलं. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ झालं. गटाचं रजिस्टर आहे, पण त्यात रक्कम आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध कोण कोण उभं राहिलं, पाण्यासाठी मोर्चा नेला तेव्हा पुढे कोण होतं, हे कुठल्याच रजिस्टरात नाही. तेव्हा गटाचीही एक वही शिवा. बातमीचं कात्रण, अर्जाची पोच, फोटो, सगळं तिच्यात जाऊ दे.

बोलणं पुष्कळ झालं. दाभणं चारच आहेत, म्हणून चार चारजणी गोल करून बसा. कागद आधी वाकवून बघायचा, मगच घडी. मेणबत्ती एकच आहे, ती फिरवत ठेवा. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांची सुई पोरी ओवून देतील.